कासिस घातलेलं ‘फ्रेंच 75’: घरच्या घरी, पण नीट

किर रॉयाल मला कधीच फारसं पटलं नाही. शॅम्पेनमध्ये कासिस, म्हणजे काळ्या करंटचं गोड लिकर, ओतलं की झालं किर रॉयाल. दिसायला देखणं, पहिला घोटही छान, पण अर्धा ग्लास संपेपर्यंत जिभेवर नुसता गोडवा उरतो. दुसऱ्या टोकाला फ्रेंच 75: जिन, लिंबू, साखरेचा पाक आणि वरून शॅम्पेन. त्याला धार आहे, पण फळाचं अंग नाही. मग सोपा मार्ग असा की फ्रेंच 75 मधला साखरेचा पाक काढायचा आणि त्याच्या जागी कासिस घालायचा. जिन कासिसचा गोडवा आवरते, लिंबू त्याचा रंग खुलवतं आणि बुडबुडे सगळ्याला हलकं करतात. या मिश्रणाला सर्वमान्य असं एक नाव नाही. मी आपलं ‘कासिस 75’ म्हणतो.

सगळी मेख एकाच गोष्टीत आहे. कासिस ‘थोडासा रंगापुरता’ घालायची वस्तू नव्हे, तो साखर म्हणूनच मोजायचा. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं आपोआप जुळतं.

कासिस म्हणजे नक्की काय

काळं करंट हे थंड हवेतलं झुडूप. फळं बोराच्या बीपेक्षाही लहान, काळीभोर, घोसांनी लटकणारी आणि कच्ची खाल्ली तर चांगलीच आंबट-तुरट. आपल्याकडे हे फळ बहुतेकांना आइस्क्रीमच्या फ्लेवरमुळे माहीत आहे. सुक्या मेव्याच्या दुकानात ‘ब्लॅक करंट’ म्हणून मिळतात ते बहुधा बारीक काळे मनुके असतात, म्हणजे द्राक्षंच. ते व्होडकात भिजवून कासिस होत नाही, तेव्हा तो खटाटोप करू नका.

या फळाचं लिकर म्हणजे क्रेम द कासिस. त्याचं माहेर फ्रान्समधल्या बर्गंडी प्रांतातलं दिजाँ शहर. तिथे 1841 मध्ये ओग्युस्त-देनी लागूत याने ते विक्रीसाठी बनवायला सुरुवात केली. त्याच्या पेढीची परंपरा आज लेजे-लागूत या नावाने चालू आहे. फळं अल्कोहोलमध्ये भिजत घालायची, अर्क उतरला की गाळायचं आणि भरपूर साखर घालायची. नावातल्या ‘क्रेम’चा दुधाच्या सायीशी काही संबंध नाही, तो शब्द साखरेच्या दाटपणासाठी आहे. युरोपीय नियमानुसार इतर कुठल्याही ‘क्रेम’ लिकरमध्ये लिटरला किमान 250 ग्रॅम साखर लागते, एकट्या कासिसमध्ये मात्र किमान 400 ग्रॅम. अल्कोहोल साधारण 15 ते 20 टक्के.

या कमी अल्कोहोलने एकदा युरोपचा इतिहास थोडा हलवला. जर्मनीत तेव्हा कायदा होता की फळांच्या लिकरमध्ये किमान 25 टक्के अल्कोहोल हवं. कोलोनच्या रेवे या व्यापारी कंपनीला दिजाँचा कासिस आयात करायचा होता, परवानगी नाकारली गेली आणि प्रकरण युरोपीय न्यायालयात पोचलं. जर्मन सरकारचा एक युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे: कमी अल्कोहोलच्या पेयांनी लोकांना दारूची सवय जास्त सहज लागते, म्हणून ही आरोग्याची बाब आहे! न्यायालयाने उत्तर दिलं की बाजारात कमी-जास्त अल्कोहोलची असंख्य पेयं आहेतच, आणि कडक दारूही लोक बहुधा पातळ करूनच पितात. 20 फेब्रुवारी 1979 चा हा निकाल. एका सदस्य देशात कायदेशीरपणे बनलेला आणि विकला जाणारा माल दुसऱ्या देशाला सबळ कारणाशिवाय अडवता येणार नाही, हे तत्त्व त्यातून रुजलं. युरोपीय कायदा शिकणारा प्रत्येक विद्यार्थी आजही ‘कासिस द दिजाँ’ घोकतो, मग त्याने तो चाखलेला असो वा नसो.

दुसरा किस्सा फेलिक्स किर यांचा. हे कॅथलिक धर्मगुरू, दुसऱ्या महायुद्धात नाझीविरोधी प्रतिकारात होते आणि 1945 पासून 1968 मध्ये वयाच्या 92 व्या वर्षी मरेपर्यंत दिजाँचे महापौर. नगरभवनात पाहुणे आले की ते स्थानिक आलिगोते जातीची पांढरी वाइन आणि कासिस एकत्र करून देत. मिश्रण त्यांच्या आधीपासून प्रचलित होतं, पण नाव त्यांचं चिकटलं. आलिगोते मुळात आंबटसर वाइन, तिला कासिसने गोडी आणली. म्हणजे दिजाँकरांनीही कासिस साखर म्हणूनच वापरला. पुढे 1951 मध्ये किर यांनी आपलं नाव वापरायची लेखी परवानगी लेजे-लागूतला दिली, मग आणखी कुणाकुणाला दिली आणि व्हायचं तेच झालं. भांडण फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 1992 मध्ये लेजे-लागूतच्या बाजूने मिटलं. पांढऱ्या वाइनऐवजी शॅम्पेन घेतली की किरचं किर रॉयाल होतं.

फ्रेंच 75 चं नाव तोफेवरून पडलं. 1897 साली फ्रेंच सैन्यात आलेली 75 मिलिमीटरची ही मैदानी तोफ बार उडाल्यावर जागची फारशी हलत नसे, त्यामुळे पुन्हा नेम न धरता भराभर गोळे टाकता येत. पहिल्या महायुद्धात ती गाजली आणि कॉकटेललाही तिचं नाव मिळालं. सुरुवातीच्या कृती एकमेकींशी मेळ नसलेल्या आहेत. जिन, लिंबू, साखर आणि शॅम्पेन ही आजची घडण 1920 च्या दशकाच्या अखेरीस छापून आली आणि लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलच्या 1930 मधल्या कृतिसंग्रहाने ती जगभर नेली.

सामान

कासिस घेताना बाटलीवर ‘क्रेम द कासिस’ लिहिलेलं आणि अल्कोहोलची टक्केवारी दिलेली आहे ना, हे पाहा. कॉफी शॉपला लागणाऱ्या सामानाच्या दुकानात मिळतं ते बहुधा कासिस सिरप असतं. त्यात अल्कोहोल नसतं आणि फळही नावालाच असतं. लेजे-लागूत, गाब्रिएल बुदिए, व्हेद्रेन, जिफार ही ओळखीची फ्रेंच नावं. आयात शुल्कामुळे भारतात ही बाटली महाग पडते आणि प्रत्येक दुकानात मिळतेही असं नाही. परदेशातून कुणी येणार असेल तर ड्युटी फ्रीमधून मागवा. माणशी दोन लिटर मद्य आणायची मुभा असते, ती सगळी व्हिस्कीवरच का उडवायची?

जिन जुनिपरचा (जिनला तिचा मूळ वास देणाऱ्या फळाचा) वास ठळक असलेली, कोरडी म्हणजे गोड नसलेली, लंडन ड्राय पद्धतीची घ्या. गुलाबी, स्ट्रॉबेरीच्या, गोड केलेल्या जिन इथे नकोत, कारण फळ आणि साखर कासिस आणतोच आहे. गोव्यात गेल्या काही वर्षांत जिनची नवी पेरणी चांगली झाली. ‘ग्रेटर दॅन’ 2017 मध्ये आली आणि सरळ लंडन ड्राय असल्यामुळे या कामाला चोख बसते. तिचीच बहीण ‘हपुसा’ हिमालयातल्या जुनिपरची, हळदीचा आणि मातीचा वास असलेली. नुसती किंवा टॉनिकबरोबर ती उत्तम, पण कासिसशी तिचं जमत नाही असं माझं मत आहे.

वाइन ‘ब्रूट’ हवी. ब्रूटमध्ये लिटरला 12 ग्रॅमपेक्षा कमी साखर असते. इथे लेबल फसवतं: ‘एक्स्ट्रा ड्राय’ वाचून वाटतं की ही अधिक कोरडी असेल, प्रत्यक्षात ती ब्रूटहून गोड असते. प्रोसेको या इटालियन बुडबुड्यांच्या वाइनच्या पुष्कळ बाटल्या एक्स्ट्रा ड्राय असतात, तेव्हा परदेशात राहणाऱ्यांनी घाईत बाटली उचलू नये. तिकडे कावा ब्रूट ही स्पेनची किंवा क्रेमाँ ही बर्गंडीचीच बुडबुड्यांची वाइन घ्यावी, खरी शॅम्पेन यात घालणं म्हणजे पैशाची नासाडी. इथे महाराष्ट्रात तर वाइन दाराशी आहे. नारायणगावच्या शातो इंडाजने 1980 च्या दशकात फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने बाटलीतच आंबवलेली बुडबुड्यांची वाइन काढली आणि ‘ओमर खय्याम’ या नावाने परदेशी विकली. आज नाशिकची सुला ब्रूट आणि दिंडोरीची शाँदों ब्रूट सहज मिळतात. दोन्ही चालतील.

लिंबू आपलं कागदीच, पण ते जपून वापरा. परदेशी कृती मोठ्या पिवळ्या लेमनवर बेतलेल्या असतात. कागदी लिंबाची धार वेगळी असते आणि साल दाबली गेली की रस कडवट होतो. अर्धं लिंबू हलक्या हाताने पिळा, शेवटचा थेंब काढायच्या नादाला लागू नका.

मापं (एका ग्लासाला)

जिन 30 मिली
कासिस 15 मिली
लिंबाचा रस 10 मिली
ब्रूट स्पार्कलिंग वाइन 90 मिली, थंडगार

घरात पेग-मेजर असेल तर उत्तम. नसेल तर कफ सिरपच्या बाटलीवरचं 5, 10, 15 मिलीच्या खुणांचं झाकण स्वच्छ धुऊन घ्या, याहून बरं माप शोधून सापडणार नाही. अंदाजपंचे ओतू नका, कारण इथे 5 मिलीनेही चव पालटते.

आता हीच मापं का? 15 मिली कासिसमध्ये किमान 6 ग्रॅम साखर येते, बऱ्याच बाटल्यांत त्याहून जास्त. नेहमीच्या फ्रेंच 75 मध्ये 15 मिली लिंबू आणि तेवढाच पाक घालतात, त्या पाकात साखर साधारण 9 ग्रॅम असते. आपली साखर कमी झाली, शिवाय कासिसला स्वतःचा आंबटपणा आहे, म्हणून लिंबूही 10 वर आणायचं. लिंबू 15 ठेवलंत तर कळ लागते. आणि ती कळ मारायला कासिस वाढवलात तर जिनचा पत्ताच लागत नाही.

कृती

1. वाइन चार तास आधी फ्रिजमध्ये ठेवा. घाई असेल तर बादलीत बर्फ आणि पाणी दोन्ही घ्या, वर मूठभर मीठ टाका आणि बाटली मानेपर्यंत बुडवा. अर्ध्या तासात काम होतं. नुसत्या बर्फाच्या खड्यांत बाटली रोवून ठेवली तर मधल्या हवेमुळे वेळ लागतो. थंडी फक्त चवीसाठी नाही: 25 अंशाला पाण्यात जेवढा कार्बन डायऑक्साइड विरघळतो, त्याच्या दुपटीहून जास्त शून्य अंशाला विरघळतो. मुंबईच्या मे महिन्यात कोमट ग्लासात ओतलेली वाइन फेसाळते आणि मिनिटात बसते. ग्लासही दहा मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा.

2. जिन मात्र फ्रीझरमध्ये ठेवू नका. हलवताना बर्फ वितळून जे 15-20 मिली पाणी येतं ते या कृतीतच धरलेलं आहे. बर्फासारखी गार जिन घेतली तर पाणी कमी सुटतं आणि पेय जड, चिकट लागतं.

3. शेकरमध्ये आधी कासिस आणि जिन घाला. शेकर नसेल तर घट्ट झाकणाची काचेची बरणी चालते. आता वरून लिंबू पिळा आणि क्षणभर पाहा. वांगी रंगाचं मिश्रण लिंबू पडताच लालसर होतं. करंटमधली अँथोसायनिन नावाची रंगद्रव्यं आम्लात लाल होतात, अल्कलीत निळी-जांभळी. रंग उजळ माणकासारखा झाला नाही, मळकट तपकिरी राहिला, तर बाटली जुनी होऊन कासिस उतरलाय असं समजा.

4. शेकर बर्फाच्या मोठ्या खड्यांनी दोन तृतीयांश भरा, झाकण लावा आणि दहा-बारा सेकंद जोरात हलवा. बाहेरून दव धरलं की थांबा. वाइन शेकरमध्ये कधीही घालायची नाही. आतला वायू झाकण उडवतो आणि मग भिंत पुसत बसावं लागतं.

5. चहाच्या गाळणीतून ग्लासात गाळा. बर्फाचे कण आणि लिंबाचा गर राहिला तर बुडबुडे त्यावरच जमतात आणि वाइन ओतताच फेस उतू जातो. फ्लूट म्हणजे उंच, निमुळता ग्लास नसेल तर वाइनचा साधा छोटा ग्लास घ्या. पसरट कूप ग्लास फोटोत छान दिसतो, पण त्यात वायू लवकर निघून जातो.

6. बाटली उघडताना आत पाच-सहा वातावरणांचा दाब असतो, म्हणजे गाडीच्या चाकात भरतो त्याच्या दुपटीहून अधिक. वरची चकचकीत पन्नी काढा. बुचावर अंगठा ठेवूनच तारेची जाळी सैल करा, तिचे साधारण सहा अर्धे फेरे असतात. बाटली तिरकी धरा, तोंड माणसांकडे नको आणि पंख्याकडेही नको. बूच घट्ट धरून बाटली फिरवा. बूच हळूच सुटू द्या, फुस्स एवढाच आवाज यायला हवा. दणक्यात बूच उडवण्यात पाहुण्यांना मजा येते खरी, पण वायू आणि घोटभर वाइन त्यात वाया जाते.

7. ग्लास तिरका करून कडेने 40-50 मिली वाइन सोडा, फेस खाली बसू द्या, मग उरलेली ओता. कासिसच्या साखरेमुळे खालचं मिश्रण जड असतं आणि ते तळाशीच राहू पाहतं. लांब चमचा तळापर्यंत नेऊन एकदाच हळू वर उचला. ढवळू नका.

8. वर संत्र्याच्या किंवा मोसंबीच्या सालीची एक पातळ पट्टी घ्या. आतला पांढरा भाग लागू देऊ नका. ग्लासावर मुडपून तिचं तेल उडवा आणि पट्टी आत सोडा. कागदी लिंबाची साल फार पातळ, ती या कामाला येत नाही. हंगामात महाबळेश्वरची तुती मिळाली तर एक टाका, बाकी सजावट नको.

काही ठिकाणी कासिस न हलवता शेवटी ग्लासात सोडतात, म्हणजे खालून वर जांभळा-गुलाबी पट्टा दिसतो. पण पिणाऱ्याला पहिला घोट आंबट आणि शेवटचा चिकट मिळतो. मी ते करत नाही.

सोड्याची आवृत्ती

चार लोक असतील तर वाइनची बाटली फोडणं ठीक, एकट्यासाठी ते परवडत नाही. तेव्हा जिन फिझच्या, म्हणजे जिन-लिंबावर सोडा घातलेल्या कॉकटेलच्या, धाटणीने जा: जिन 45, कासिस 20, लिंबू 15 मिली हलवून उंच ग्लासात बर्फावर गाळा आणि 80-90 मिली थंड सोडा घाला. सोडा लहान बाटलीतला, तेव्हाच उघडलेला. लेबलवर सोडियम बायकार्बोनेट असेल तर टाळा, कारण त्याने आंबटपणा मारला जातो आणि रंगही मळतो. हे पेय फ्रेंच 75 च्या तोडीचं नाही, पण उन्हाळ्याच्या संध्याकाळी मला हेच जास्त बरं वाटतं.

कासिस मिळालाच नाही तर

इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांचं सोपं आहे. तिथे जुलैत ताजी करंट मिळतात, एरवी फ्रोझन. (तिकडच्या मुलांना हे फळ पाजायची सवय दुसऱ्या महायुद्धात लागली. संत्री येईनात तेव्हा क जीवनसत्त्वासाठी करंटचं सिरप वाटलं जाई.) अर्धा किलो फळं धुऊन कोरडी करा, जरा चेचा, बरणीत अर्धा लिटर 40 टक्क्यांची व्होडका घालून तीन आठवडे अंधारात ठेवा. मधूनमधून बरणी हलवा. मग कापडातून गाळून 400 ग्रॅम साखर विरघळवा. फळांचा रस आणि साखर मिळून लिटरभराच्या आसपास लिकर होतं आणि अल्कोहोल 18-20 टक्क्यांवर येतं. उकळू मात्र नका, अल्कोहोलची वाफ पेट घेते आणि ताज्या फळाचा वासही जातो.

इथे महाराष्ट्रात जूनमध्ये जांभळं येतात. त्याच रीतीने जांभळाचं लिकर करता येतं, साखर मात्र 300 ग्रॅमपासून सुरू करून चाखत वाढवा, कारण जांभूळ करंटइतकं आंबट नसतं, तुरट जास्त असतं. तेव्हा लिंबू 15 मिली. कासिसचा तो किंचित उग्र, हिरवट वास यात येणार नाही आणि पेयही वेगळंच होईल, पण स्वतःच्या पायावर उभं राहील.

किती प्यावं

गोड आणि गार असल्यामुळे हे पेय हलकं वाटतं, तेवढं ते नाही. भारतात जिन बहुधा 42.8 टक्क्यांची असते: 30 मिलीतून जवळपास 13 मिली शुद्ध अल्कोहोल. कासिसमधून तीन आणि 90 मिली वाइनमधून अकरा. बेरीज 27 मिली, म्हणजे एका ग्लासात भरलेले दोन छोटे पेग. दोन ग्लास झाले की चार पेग झाले, हा हिशोब गाडीची किल्ली उचलायच्या आधी करा. महाराष्ट्रात कडक मद्यासाठी वयाची अट 25 वर्षं आहे आणि पिण्याचा परवानाही लागतो. तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा कायमचा मिळतो. गोव्यात वयाची अट 21.

उरलेलं सामान

750 मिलीच्या बाटलीत आठ ग्लास होतात. वाइन उरली तर बाटलीच्या तोंडात स्टीलचा चमचा अडकवायची युक्ती करू नका, तिचा उपयोग होत नाही. स्पार्कलिंग वाइनचं पकडीचं झाकण मिळतं, ते लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. कासिसची बाटली फोडली की तिची जागाही फ्रिजमध्येच, बाकीच्या दारूबरोबर शोकेसमध्ये नाही. अल्कोहोल कमी असल्यामुळे हवा लागली की तो उतरतो आणि तीन-चार महिन्यांत रंग तपकिरी व्हायला लागतो. बाटलीवर उघडल्याची तारीख मार्करने लिहून ठेवा. तळाशी थोडा उरला आणि पाहुणे येणार नसतील, तर व्हॅनिला आइस्क्रीमवर दोन चमचे ओतून खा.